गाजर गवत, बिब्बा आणि पाठीवरची पट्टी

 

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या वहीत एक अंतर्गत कर्ज चढलं. कारणाच्या रकान्यात ‘औषधपाणी’, रक्कम सहा हजार. घेणारी आमच्यातलीच एक ताई, दुसऱ्याच्या रानात रोजंदारीने खुरपायला जाणारी. तिचा चेहरा सुजला होता. पापण्या जाड झाल्या होत्या. मान आणि कोपराच्या खोबणी काळ्या पडून चिरल्या होत्या. रात्र रात्र खाजवत बसायची. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी तिला सांगितलं, ‘रक्ताची मोठी तपासणी करा, एका झटक्यात सगळी अ‍ॅलर्जी कळते.’ आम्ही पैसे मंजूर केले. ठरावाखाली सह्या आमच्या सगळ्यांच्या आहेत.

कागद आला. वांगं, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, गहू, दूध, अंडं अशा पंचवीस-तीस पदार्थांपुढे लाल खूण. ताईने सगळं सोडलं. तांदळाची पेज आणि मुगाचं वरण यांवर चार महिने काढले. वजन घटलं, रक्त कमी झालं आणि खाज जागच्या जागी. हप्ते मात्र तिने एकही चुकवला नाही. तीच गोष्ट आम्हाला जास्त लागली.

शेवटी तिला मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात, त्वचारोग विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी अर्धा तास प्रश्न विचारले. काम काय करतेस, कुठे करतेस, खाज कोणत्या महिन्यात वाढते, घरात आणखी कुणाला आहे का. मग पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस पाठ ओली करू नकोस म्हणाले. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. बाकीच्या जागा स्वच्छ होत्या. एका ठिकाणी मात्र लाल, बारीक फोडांचं पुरळ उठलं होतं. ती जागा गाजर गवताची होती.

ती पट्टी बघून आम्हाला प्रश्न पडला. एवढी साधी तपासणी आधी का नाही झाली? आणि रक्ताच्या कागदाने आम्हाला का फसवलं? मग आम्ही वाचायला लागलो, डॉक्टरांना विचारायला लागलो. त्यातून हाती आला तो एक इतिहास. तो आज सांगतो, कारण पुढच्या वेळी अशा कर्जावर सही करताना तो तुमच्या उपयोगी पडेल.

बिब्बा सगळ्यांनाच ठाऊक

अ‍ॅलर्जी हा शब्द परका असला तरी ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ‘बिब्बा उतला’ हे आपण आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. बिब्ब्याचं तेल मुळातच जहाल, कुणालाही भाजल्यासारखं करू शकतं. पण एकाच घरात एकीला बिब्बा उगाळून लावला तरी काही होत नाही आणि दुसरीला नुसता हात लागला तरी तोंड सुजतं, हे आपल्या बायकांनी कधीच हेरलं होतं. ‘हिला बिब्बा चालत नाही’ असं त्या म्हणायच्या. एकाच्या शरीराला चालतं ते दुसऱ्याच्या शरीराला चालत नाही, हाच अ‍ॅलर्जीचा गाभा. आंबा आणि काजूसुद्धा बिब्ब्याच्याच कुळातले. म्हणून कैरीच्या चिकाने कुणाचे ओठ उततात, तर काजूच्या टरफलाच्या तेलाने कुणाचे हात सोलवटतात.

या बिब्ब्याने एकदा परदेशी डॉक्टरांनाही कामाला लावलं होतं. आपल्याकडे धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत, कारण ती काळी खूण धुऊन जात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैनिक भारतात होते, त्यांचे कपडे इथेच धुतले जात. त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर खाजरे चट्टे उठू लागले. चट्टा नेमका तिथे, जिथे धोब्याची खूण कातडीला टेकते. १९४३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. चट्टा कुठे उठला, तिथे काय टेकतं, हे बघूनच त्यांना कारण सापडलं. आपल्या ताईच्या बाबतीतही हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता.

पुण्यात उगवलेलं नवं गवत

आता गाजर गवताकडे येऊ. कुणी याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. पानं गाजराच्या पाल्यासारखी, फुलं बारीक पांढरी. हे मूळचं आपलं नाही, अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या बाजूचं आहे. शेषगिरी राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते पुण्यात पाहिलं आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारतातली नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून त्याचं बी आलं, असं सगळीकडे सांगितलं जातं. पुढे जुन्या नोंदी चाळताना, त्याच्या कितीतरी आधी हे गवत भारतात कुठे कुठे होतं असंही अभ्यासकांनी दाखवलं. आलं कसंही असो, पसरलं मात्र पुण्याच्या नोंदीनंतरच्या वर्षांत. एका झाडाला हजारो बिया येतात. वारा, पाणी, गाडीची चाकं, जनावरांचे खूर, सगळेच ते बी वाहून नेतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे ते आपोआप कमीही होत नाही.

गवत वाढलं तसे पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एकाच धाटणीचे रुग्ण येऊ लागले. बहुतेक उघड्यावर वावरणारे आणि शेतात काम करणारे. पापण्या, चेहरा, मान, कोपराच्या खोबणी एवढीच जागा धरलेली. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्याबरोबर मिचेल व कॅल्नन हे दोन परदेशी तज्ज्ञ यांनी या रुग्णांचा अभ्यास करून १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. गवतातलं पार्थेनिन नावाचं रसायन हे यातलं मुख्य कारण. वाळलेल्या गवताचा भुगा हवेत उडतो आणि अंगावर बसतो. म्हणून गवताला हात न लावताही त्रास होतो.

आपल्या गावातली खाज जगाच्या वैद्यकाच्या पुस्तकात गेली ती अशी. आणि आपल्याच ताईला पन्नास वर्षांनंतर वांगं सोडायला सांगितलं गेलं!

दोन तपासण्या, दोन वेगळे आजार

आता तपासणीचा इतिहास. तो लांब देशातला आहे, पण ऐकण्यासारखा आहे.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरला चार्ल्स ब्लॅकली नावाचे डॉक्टर होते. त्यांना दर उन्हाळ्यात शिंका आणि डोळ्यांतून पाणी. कुणी म्हणे ऊन बाधतं, कुणी म्हणे धूळ. ब्लॅकलींनी एकेक गोष्ट स्वतःवरच करून बघितली. हातावर बारीक ओरखडा काढला, त्यावर गवताचे परागकण ओले करून लावले. थोड्याच वेळात तिथे गांधी उठली आणि खाज सुटली. हवेत परागकण किती आहेत हे मोजायला त्यांनी चिकट काचा लावल्या, पतंगाला बांधून उंचावरही पाठवल्या. १८७३ मध्ये हे सगळं त्यांनी पुस्तकात मांडलं. आज हातावर थेंब टाकून सुईने किंचित टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजतात, ती टोचण्याची तपासणी या ओरखड्याचीच लेक.

दुसरी तपासणी पाठीवरच्या पट्टीची. जर्मन डॉक्टर योझेफ यादासोन यांच्या लक्षात आलं की पाऱ्याचं मलम लावल्यावर काही रुग्णांची कातडी उतते. ती पाऱ्यानेच उतते का, हे ठरवायला त्यांनी पारा असलेली पट्टी निरोगी कातडीवर चिकटवून ठेवली आणि काही काळाने उघडून बघितली. हे त्यांनी १८९५ मध्ये मांडलं. तेव्हा ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दही जन्मला नव्हता. तो १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तयार केला. ते बालरोगतज्ज्ञ होते. घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तातलं औषध टोचल्यावर काही मुलांना ताप आणि पुरळ येतं, हे बघताना त्यांना तो सुचला.

मैत्रिणींनो, या दोन तपासण्या दोन वेगळ्या आजारांसाठी आहेत, हे नीट ध्यानात ठेवा.

एक अ‍ॅलर्जी लगेच उठते. शिंका, नाक वाहणं, दमा, काही जणींना अंगावर गांधी, काहींना खाल्ल्याबरोबर ओठ सुजणं. हिच्यामागे रक्तातला एक पदार्थ असतो. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी तो असल्याचं दाखवलं. क्यूस्टनरना मासे चालत नसत. त्यांच्या रक्तातलं पाणी प्राउस्निट्झनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला तर तिथे गांध उठली. हा पदार्थ नेमका कोणता, हे कळायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी नवरा-बायकोचं जोडपं आणि स्वीडनमधले जोहान्सन व बेनिख यांनी तो १९६६-६७ च्या सुमारास शोधला. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं. टोचण्याची तपासणी आणि रक्तातल्या आयजीईची तपासणी या लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी.

दुसरी अ‍ॅलर्जी सावकाश उठते. वस्तू कातडीला लागते आणि एक-दोन दिवसांनी पुरळ येतं. गाजर गवत, खोट्या दागिन्यांतलं निकेल, केसांच्या कलपातलं रसायन, टिकलीचा गोंद ही तिची नेहमीची कारणं. इथे आयजीईचा संबंध नसतो, म्हणून रक्त कितीही काढलं तरी कारण कळत नाही. इथे पट्टीचीच तपासणी लागते. आपल्या देशातल्या रुग्णांसाठी पट्ट्यांचा जो ठराविक संच डॉक्टर वापरतात, त्यात गाजर गवतही घातलेलं आहे.

गाजर गवत तर दोन्ही बाजूंनी मारतं. त्याच्या परागकणांनी काहींना शिंका आणि दमा होतो, तर त्याच्या पानाने आणि भुग्याने काहींची कातडी उतते. गवत एकच, आजार दोन, तपासण्याही दोन.

मग आमचा सहा हजारांचा कागद कसला होता? डॉक्टरांनी तो बघितला. त्यात आयजीजी नावाचा वेगळाच पदार्थ मोजला होता. आपण जे अन्न नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध आयजीजी निरोगी माणसाच्या रक्तातही असतो. तो अ‍ॅलर्जीची खूण नव्हे. ताई वांगं आणि शेंगदाणे रोज खाते, एवढंच त्या कागदाने सांगितलं. ते तर आम्ही फुकट सांगितलं असतं.

आयजीईचा कागदही एकटा पुरेसा नाही. पोटात जंत असले तरी एकूण आयजीई वाढतो. आणि एखाद्या पदार्थापुढे खूण आली, पण तो खाऊन तुम्हाला कधीच त्रास झाला नाही, तर तो सोडायचं कारण नाही. आधी माणसाची हकीकत, मग तपासणी, असा क्रम आहे. ब्लॅकलींनीही आधी स्वतःच्या शिंकांचा महिना बघितला, ओरखडा नंतर काढला.

औषधं कशी आली आणि कुणी काय निवडावं

सगळ्यात जुना उपाय म्हणजे कारणापासून लांब राहणं. तोच अजून पहिला आहे. पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ‘शेतात जाऊ नको’ म्हणणं सोपं नाही, हे आम्हालाही कळतं.

१९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागकणांचा अर्क अगदी थोड्या मात्रेत टोचत टोचत वाढवण्याचा उपाय मांडला. परागकणांत विष असतं आणि शरीर त्याला हळूहळू सरावतं, असा त्यांचा समज होता. समज चुकीचा निघाला, उपाय मात्र लागू पडला. दोनच वर्षांनी नून क्षयाने गेले, त्यांचे सहकारी फ्रीमन यांनी काम पुढे नेलं. आज याला अ‍ॅलर्जीची लस म्हणतात. ती शिंका, दमा, गांधीलमाशीचा डंख अशा लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी असते. तीन ते पाच वर्षं घ्यावी लागते. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसावं लागतं, कारण क्वचित अंगावर उलटू शकते. पट्टीत निघालेल्या गाजर गवताच्या त्वचारोगासाठी ती नेहमीची वाट नव्हे. कुणी तुम्हाला ‘लस घ्या, कायमचं जाईल’ म्हणालं तर आधी विचारा, ‘कुठल्या तपासणीवरून?’

खाजेच्या गोळ्यांचा पाया १९३७ मध्ये डॅनिएल बोवे यांच्या संशोधनातून घातला गेला. त्यांना १९५७ चं नोबेल मिळालं. या गोळ्या गांधी आणि शिंकांना चांगल्या. जुन्या गोळ्यांनी झोप येते, नव्यांनी कमी. विहिरीवर, गच्चीवर किंवा यंत्रावर काम असेल तर डॉक्टरांना तसं सांगून गोळी घ्या. अंगावर पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी लावतो. त्याने गार वाटतं, ते लावायला हरकत नाही. पण ओठ-जीभ सुजली, घशात कोंडल्यासारखं झालं, चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन लावा. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.

स्टेरॉइडच्या शोधाला १९५० चं नोबेल मिळालं. जळत्या कातडीवर ते पाण्यासारखं काम करतं. पण तेच मलम दुकानातून आणून महिनोन् महिने तोंडाला लावलं की कातडी पातळ होते, तोंड लाल होतं, मुरमं आणि लव येते, नायटा पसरतो. ‘गोरं करणारी’ म्हणून विकली जाणारी कितीतरी मलमं यातलीच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात. तुमच्या कपाटात एखादी नळी असेल तर तिच्यावरचं नाव डॉक्टरांना दाखवा. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर मनानेच एकदम बंदही करू नका.

गाजर गवताचा आजार फार जुना आणि हट्टी असेल तर अ‍ॅझाथायोप्रिन नावाचं औषध देतात. दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्यावर अभ्यास केला आहे. ते घेताना रक्ताची आणि यकृताची तपासणी वेळोवेळी करावीच लागते. ते आपल्या मनाने घ्यायचं औषध नाही.

आमचा नवा ठराव

आता आमच्या गटाच्या इतिवृत्तात एक ठराव आहे. औषधपाण्यासाठी कर्ज द्यायचं असेल तर आधी बाईशी बोलायचं. खाज किंवा शिंका कधी, कुठे, काय केल्यावर येतात, याची महिनाभराची नोंद वहीत करायला तिला मदत करायची. मग तपासणी सांगणाऱ्याला चार प्रश्न विचारायचे. ही तपासणी कोणत्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीची? हिच्या उत्तराने उपचारात काय बदलेल? सरकारी दवाखान्यात ती होते का? तपासणीआधी कोणती गोळी थांबवायची? टोचण्याच्या तपासणीआधी खाजेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. पट्टीआधी पाठीला स्टेरॉइडचं मलम लागलेलं चालत नाही. चार उत्तरं नीट मिळाली तर कर्ज. घाईची गोष्ट वेगळी. दम लागलेल्या बाईला कुणी प्रश्न विचारत बसायचं नाही.

दुसरं काम गवताचं. ऑगस्टच्या १६ ते २२ तारखेला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. आम्ही फुलोरा येण्याआधीच गवत उपटतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाका-तोंडाला कपडा, आणि जिला त्रास आहे तिने त्या दिवशी यायचंच नाही. फुलं नसलेलं गवत खड्ड्यात कुजवलं तर खत होतं. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा या गवताची पानं खातो. तो १९८३-८४ च्या सुमारास बेंगळुरूत आणून अभ्यासला आणि मग सोडला गेला. पावसाळ्यात गवतावर पिवळट, काळ्या रेघांचा छोटा भुंगा दिसला तर मारू नका, तो आपल्याच बाजूचा आहे.

आणि आमची ताई? ती पूर्ण बरी झाली असं आम्ही म्हणणार नाही. पाऊस लागला की पापण्या अजून चुरचुरतात. पण ती जेवते. वांग्याचं भरीत खाते, शेंगदाण्याची चटणी खाते. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली म्हणून डॉक्टरांनी जपायला सांगितलं, तर ती आता मोगऱ्याचा गजरा माळते. खुरपणी सोडून तिने शिवणयंत्र घेतलं. ते कर्जही आम्हीच दिलं, आणि या वेळी सही करताना आमचा हात अडखळला नाही. तिच्या घराभोवतीचं गवत मात्र दर पावसाळ्यात आम्ही सगळ्या मिळून उपटतो. त्या सहा हजारांवरचं व्याज आमच्याकडे लागू होतं, ते असं फेडतोय.

तुमच्याही गटात अशी एखादी ताई असेल. येत्या बैठकीत तिला विचारा, खाज कधीपासून आहे आणि कुठे आहे. आणि तिचं बोलणं पूर्ण ऐका. तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

रामराम.